माझ्या पाठीवरचा कागद

मित्रांनो, कोपऱ्यात पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकखाली झाकलेला तो मीच, एक जुना कॉम्प्युटर. कीर्तनकार बुवांसारखं रंगवून सांगणं मला जमायचं नाही, पण ऐका.

२००७ साली मी पंचवटीतल्या एका छपाईच्या दुकानात आलो. लग्नपत्रिका, सप्ताहाची पत्रकं, सगळं माझ्यावरच जुळायचं. साधनावहिनी टाइप करायच्या आणि शेजारी टेपवर कीर्तन लावायच्या. ऐकता ऐकता मलाही त्याची गोडी लागली. त्यांचे धाकटे दीर ज्ञानेश माझी देखभाल करत. माझ्यात त्यांनी सगळ्यांसाठी खुली असलेली ऑपरेटिंग सिस्टीम घातली होती. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, देशोदेशीची माणसं एकमेकांना ईमेल लिहून सुधारत.

मला एक खोड होती. छापता छापता मी मधेच गोठायचो. ज्ञानेश महिनाभर डोकं धरून बसले. एका दुपारी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, प्रिंटरमधला कागद संपून नवा घातला ना, की मगच हा मुका होतो."

"वहिनी, तुम्ही आपल्या पत्रिका बघा हो!" ते हसले. मग स्वतःच तसं करून पाहिलं, आणि मी गोठलो.

मूळ सापडलं. ज्ञानेश दुरुस्ती लिहायचे, वहिनी कागद काढून घालून तपासायच्या. अकरा वेळा! दर वेळी काय झालं ते वहिनींनी एका कागदावर टिपलं आणि तो माझ्या पाठीवर चिकटवला.

कर्नलवाल्यांचा एक रिवाज आहे. त्याला कायदा नाही, पण पाळतात. दुरुस्तीच्या खाली ती करणाऱ्याचं नाव लिहायचं, दोष शोधणाऱ्याचं लिहायचं, तपासणाऱ्याचंही लिहायचं. अभंगाच्या शेवटी संतांचं नाव येतं ना, तसंच ते मला वाटायचं. दुरुस्ती पाठवताना ज्ञानेश यांनी फक्त स्वतःचं लिहिलं. तिकडून विचारणा आली, "हे शोधलं कोणी? तपासलं कोणी?" माझ्याच कीबोर्डवर त्यांनी उत्तर लिहिलं, "मीच." एरवी नको तेव्हा गोठणारा मी, नेमका तेव्हा गोठलो नाही. बरा झालो होतो ना!

दुरुस्ती स्वीकारली गेली. पेढे आले. वहिनींनी माझा पडदा निरखून पाहिला. "माझं नाव कुठंय हो? तुम्हीच म्हणाला होता, शोधणाऱ्याचंही लिहितात."

"तुम्ही घरातल्याच की वहिनी, तुमचं काय लिहायचं?"

"हो का? पत्रिकेत तर घरातल्यांचीच नावं आधी छापतो आपण."

ज्ञानेश यांचा पेढा हातातच राहिला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी खरं काय ते कळवलं. उत्तर सौम्य होतं: सगळ्यांनी उतरवून घेतलेली नोंद आम्ही मागे जाऊन बदलत नाही. पुढच्या वेळी आठवणीने लिहा.

पुढची वेळ आलीही. स्कॅनर अडायला लागला. ज्ञानेश यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. "वहिनी, बघता का जरा? या वेळी तुमचं नाव पहिलं."

"तुम्हीच बघा भाऊजी. मला पत्रिका बघायच्यात."

आवाजात राग नव्हता. संध्याकाळी त्यांनी दिराला गरम भाकरीही वाढली. पण माझ्या दुखण्यात त्यांनी पुन्हा कधी लक्ष घातलं नाही, आणि स्कॅनरचा दोष शेवटपर्यंत सापडला नाही.

आता दुकानात नवा कॉम्प्युटर आहे. ज्ञानेश अधूनमधून माझं प्लास्टिक उचलतात, पाठीवरची ती अकरा टिपणं वाचतात आणि पुन्हा झाकतात. कागद मात्र काढत नाहीत.

मित्रांनो, आम्हा यंत्रांवरची धूळ उशिरा पुसलीत तरी चालते. ज्याचे कष्ट, त्याचं नाव मात्र त्याच वेळी लिहा.