पहारेकऱ्यासाठी जागा

काम निभावलं तर अरफाला कायम झाल्याचं पत्र मिळणार होतं आणि घरात 'पुण्याला जाऊन नोकरी बघ' हा विषय बंद होणार होता. तिच्या साहेबांना, सुदर्शनरावांना, इस्पितळाचं कंत्राट पुन्हा मिळणार होतं. म्हणजे घाई साहेबांची, बोटं अरफाची.

चिकलठाण्याच्या त्या ऑफिसात इस्पितळाचं सॉफ्टवेअर चाले. एपीआयवर, म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांशी ज्या दारांतून बोलतात त्यांवर, नजर ठेवणारा पहारेकरी प्रोग्रॅम, एजंट, बसवा, ही इस्पितळाची अट. क्लस्टरमधल्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या संचातल्या, प्रत्येक सर्व्हरवर त्याला मेमरी हवी, आणि क्लस्टर कंटेनरांनी, एकेक काम चालवणाऱ्या डब्यांनी, खच्चून भरलेलं.

"जागाच नाय, सर."

"मग नुसत्या चाचणीचे, टेस्टवाले कंटेनर बंद कर की. कोण रडणारंय त्यांच्यासाठी?"

ते कंटेनर सांभाळणारा जुना सहकारी संघपाल रजेवर होता, फोन उचलत नव्हता. अरफानं टेस्टवाले बंद केले. एजंट बसला. रात्रभर तिला धड झोप लागली नाही.

सकाळी इस्पितळाच्या काउंटरवरून मंजुषाचा फोन. "अरफा, कालपासून पेशंटना मेसेज जाईनात गं. भागूबाईंचं डायलिसिस उद्यावर ढकललेलं, कळलंच नाही त्यांना, आजच येऊन बसल्यात. पाय लई सुजलेत."

तेवढ्यात संघपाल आला. ऐकून त्यानं आधी बंद केलेल्या कंटेनरांची यादी उघडली.

"मेसेजचं काम 'टेस्ट-दोन'मधे होतं, अरफा."

"टेस्ट में? क्यूँ, भाई?"

"खऱ्या कामाचा कंटेनर चढवायला साहेबांची मंजुरी लागती. टेस्टला कोण विचारतंय? इथं सगळे असंच करतात."

नव्या माणसाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

साहेब केबिनमधून बाहेर आले. "दुपारी इस्पितळाची तपासणी आहे, एजंट सगळ्या सर्व्हरवर दिसला पाहिजे. ती होऊ दे, मग मेसेज चालू कर."

"सर, उद्याचे पेशंट आज दुपारच्याच गाडीनं गावाहून निघतील."

"तुझं पत्र सहीला पडलंय, अरफा."

अरफानं कीबोर्ड पुढं ओढला. तिनं एका सर्व्हरवरून एजंट काढला आणि तिथं मेसेजचा कंटेनर चढवला. पडद्यावर त्या सर्व्हरपुढं 'एजंट नाही' अशी लाल खूण उमटली.

"काय केलंस हे?"

"जागा केली, सर."

तपासणीत लाल खूण दिसली. साहेबांना ती काढायला आठवड्याची मुदत मिळाली. संघपालला समज मिळाली. अरफाचं पत्र सहीविना परत गेलं. भागूबाईंना सुजल्या पायांत चपला चढेनात. चपला पिशवीत टाकून, आज डायलिसिस न होताच, त्या अनवाणी मुकुंदवाडी स्टेशनकडं चालू लागल्या.