बटण हलली नाही

“जरा हसा हो बाई. तुमचं तोंड बघून पाहुण्यांना वाटेल, आम्ही तुम्हाला फासावर द्यायला निघालोय.”

एवढं बोलून प्राचार्य स्वतःच मोठ्यानं हसले. बाईंनीही ओठ ताणून पाहिले, पण हसू काही जमेना. तळहात इतके ओले झाले होते, की त्यांनी ते तिसऱ्यांदा निळ्या एप्रनला पुसले.

बाई म्हणजे तंत्रशाळेतल्या लेथच्या बाई. लोखंडाची सळई गरगर फिरवायची, तिला धारदार हत्यार लावायचं आणि हवा तो आकार काढून घ्यायचा, हे त्या मुलामुलींना शिकवत. कामात पक्क्या, आवाज खणखणीत. कार्यशाळेच्या शेडमध्ये त्यांना घाबरत नसे असं कुणी नव्हतं, आणि त्यांच्यावर जीव नव्हता असंही कुणी नव्हतं. अशी बाई सकाळपासून लटलट कापत होती म्हणजे कारणही तसंच होतं.

परदेशातली एक संस्था दरवर्षी तंत्रशाळांमधले शिक्षक निवडून आपल्याकडे नेई. दहा महिन्यांचं प्रशिक्षण, विमान, राहणं, खाणं सगळा खर्च त्यांचा. परत येऊन आपल्या शाळेत शिकवायचं, एवढीच अट. आणि वयाची अट. बाईंना पुढच्या महिन्यात पंचेचाळीस वर्षं पूर्ण होणार होती, त्यानंतर अर्जच घेत नसत. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

पण गोष्ट एकट्या बाईंची असती तर त्या एवढ्या घाबरल्या नसत्या. शेडच्या कोपऱ्यात संगणकावर चालणारं नवं मशीन आल्या दिवसापासून प्लॅस्टिक पांघरून उभं होतं, कारण ते चालवायला कुणालाच येत नव्हतं. वरून स्पष्ट निरोप आला होता, की ते शिकवणारं माणूस यंदा तयार झालं नाही तर लेथचा विभाग गुंडाळायचा. मुलांची रवानगी दुसऱ्या गावच्या शाळेत. मुलांनाही हे ठाऊक होतं. असल्या बातम्या मुलांपासून कधी लपतात का?

शिवाय निवड झाली तर काय, ही भीती वेगळीच. बाई आजवर विमानाच्या जवळही गेल्या नव्हत्या. परकी भाषा त्यांना येई ती कोरड्या विहिरीतून पाणी काढल्यासारखी. नवरा सकाळी म्हणाला होता, “विमानात रडू आलं तर शेजारच्याचा रुमाल माग. आपल्याकडे धड असे चारच आहेत.” तो चेष्टा करत होता खरा, पण दाढी करताना त्यानं गालावर दोनदा कापून घेतलं. त्याचाही जीव थाऱ्यावर नव्हता.

पाहुणे आले. एक उंच, पिकल्या केसांची बाई आणि तिच्याबरोबर दुभाषा, चुणचुणीत तरुण माणूस. त्यांच्यासाठी शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. लेथच्या पलीकडे मुलंमुली ओळीनं उभी. ओळीत सर्वांत पुढे बटण. बुटकी आणि गोल चेहऱ्याची म्हणून तिला सगळे बटण म्हणत. हात मात्र असा, की बाई एकदा नवऱ्याला म्हणाल्या होत्या, “ही पोरगी माझ्यापुढे जाणार बघ.”

“तुम्ही नेहमी शिकवता तसंच शिकवा, असं म्हणतायत,” दुभाषा म्हणाला.

नेहमीसारखं! तरी सवयीनं त्यांनी सुरुवात तिथूनच केली, जिथून त्या दरवर्षी करत.

“हा चक,” लेथच्या तोंडाशी असलेल्या जाड पोलादी चकतीवर हात ठेवून त्या म्हणाल्या. “सळई यात धरायची. ही त्याची चावी, हिनं सळई आवळायची. आवळून झाली की चावी काढायची. चावी चकात राहिली आणि मशीन सुरू केलं तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. कुणाला लागेल सांगता येत नाही. म्हणून आपला नियम काय?”

“चावी दिसली की ओरडायचं!” सगळी पोरं एका सुरात ओरडली.

“कुणावर?”

“कुणावरही!”

आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. मागे एकदा खुद्द प्राचार्य हौसेनं लेथवर उभे राहिले होते, तेव्हा पोरांनी त्यांच्या अंगावर ओरडून त्यांची पार त्रेधा उडवली होती. ज्याची चावी राहील त्यानं सगळी शेड झाडायची. प्राचार्यांनीही झाडली होती बिचाऱ्यांनी.

बाईंनी सळई चकात घातली, चावी लावली, जोर देऊन आवळली. नेमक्या त्याच क्षणी उंच पाहुणीनं काहीतरी विचारलं.

“हे काम तुम्ही का निवडलंत, असं विचारतायत,” दुभाषा म्हणाला. “जमलं तर त्यांच्या भाषेत सांगा.”

या प्रश्नाचं उत्तर बाईंनी पाठ केलं होतं. तीन वाक्यं. नवऱ्याला, आरशाला आणि एकदा चुकून दूधवाल्यालाही त्यांनी ती म्हणून दाखवली होती. पहिलं वाक्य आलं. दुसरं आलं. तिसरं काही केल्या येईना. सगळी शेड त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बाईंच्या कानात गरम वाफ भरल्यासारखं झालं आणि मग तिसरं वाक्य एकदम आठवलं, त्यांनी ते घाईघाईनं म्हणून टाकलं. सुटले एकदाची, अशा भरात त्यांनी लेथ सुरू करायचा दांडा खाली ओढला.

खाड्कन आवाज झाला. चावी मशीनच्या अंगावर आपटली, उडाली आणि मुलांच्या मागच्या पत्र्याच्या कपाटावर जाऊन आदळली. कपाटाच्या दारात खोल खड्डा पडला. खड्डा होता बटणच्या कानाच्या उंचीवर.

बाईंनी मशीन बंद केलं. बटण जिथं होती तिथंच होती. चेहरा पांढराफटक, पण धडधाकट.

“जुनं मशीन आहे हो,” प्राचार्य पटकन पुढे झाले. “सुटतं एखादे वेळी काहीतरी. म्हणूनच तर बाईंना नवं तंत्र शिकायला पाठवायचंय! चला, चहा घेऊ या.”

पाहुणी बाईंचं उत्तर कागदावर लिहून घेण्यात गुंतली होती. आवाज झाला तेव्हाच तिनं वर पाहिलं होतं. दुभाष्यानं जुन्या मशीनचं सांगितलं, तिनं मान डोलावली आणि सगळे ऑफिसकडे गेले. जाता जाता प्राचार्य बाईंच्या कानाशी लागले, “झालं तुमचं काम. खूश आहेत. आता तोंड उघडू नका, पाच मिनिटांत या.”

शेडमध्ये बाई आणि मुलं उरली.

“चावी कुणाला दिसली होती?” बाईंनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना.

एक हात वर झाला. मग दुसरा. मग सगळेच.

“सगळ्यांना? अरे, मग ओरडला का नाहीत?”

“पाहुणे होते ना, बाई,” मागून एक मुलगा पुटपुटला. “तुमची चूक दिसली असती.”

बाईंनी बटणकडे पाहिलं. तिचाही हात वर होता.

“तुलाही दिसली होती? तू तर समोर उभी होतीस. मग निदान बाजूला तरी व्हायचंस ना गं!”

“हलले असते तर त्यांना कळलं असतं,” बटण म्हणाली. “तुम्ही जायला हवं होतं ना, बाई.”

हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली, की बाईंना मशीनचा आधार घ्यावा लागला. सकाळपासूनच्या सगळ्या भीती, विमानाची, परक्या भाषेची, वयाची, विभाग बंद होण्याची, त्या क्षणी अगदी पोरखेळ वाटल्या. ही पोरगी चावीच्या वाटेत उभी होती. तिला ठाऊक होतं. आणि ती माझ्यासाठी उभी राहिली. देवा, मी हिला हे शिकवलं?

“घरी जा सगळे,” त्या म्हणाल्या. “आज वर्ग नाही.”

ऑफिसात चहा चालला होता. प्राचार्यांनी बाईंना बघून खुर्ची पुढे सरकवली. बाई बसल्या नाहीत. बसल्या असत्या तर पुन्हा उठवलं नसतं.

“यांना सांगा,” त्या दुभाष्याला म्हणाल्या, “मशीन जुनं असलं तरी त्याचा काही दोष नव्हता. चावी मी विसरले. एका मुलीचं डोकं थोडक्यात वाचलं.”

“बाई!” प्राचार्य ओरडलेच. “अहो, काय बोलताय? सगळ्या विभागाचं वाटोळं करताय!”

“खरंच सांगू का?” दुभाष्यानं हलक्या आवाजात विचारलं. “नाही सांगितलं तरी चालेल. मी काही ऐकलं नाही.”

किती सोपं होतं! बाईंच्या मनात आलंच, खोटंही बोलायला नको, नुसतं गप्प राहायचं. मग त्यांच्या डोळ्यांपुढे तो कपाटावरचा खड्डा आला.

“सांगा,” त्या म्हणाल्या.

त्यानं सांगितलं. पाहुणीनं कप खाली ठेवला. ती हळू आवाजात बोलली. रागावलेली दिसत नव्हती. तेच जास्त लागलं.

“त्या म्हणतायत, तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत,” दुभाषा म्हणाला. “पण असं झाल्यावर यंदा तुमचं नाव त्यांना पुढे पाठवता येणार नाही. आणि त्या विचारतायत, मुलगी कशी आहे? तिच्या घरी कुणी कळवलं का?”

बाईंनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी खिडकीकडे पाहिलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “मी जाते.”

बटणचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर होतं. खाली सायकलदुरुस्तीचं दुकान, शेजारून अरुंद जिना. बाई कठड्याला धरून चढल्या. आता जायचं हुकलं याचं दुःख कुठेतरी होतं, मोठं होतं, पण ते नंतर. आत्ता त्यांना पुढच्या दाराची भीती वाटत होती. इतकी भीती त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. आई काय म्हणेल? हाकलून देईल. शाळेतून काढील पोरीला. काढावीच. मी तिच्या जागी असते तर समोरच्या माणसाच्या थोबाडीत मारली असती.

त्यांनी दार वाजवलं.

दार बटणच्या आईनं उघडलं. हाताला साबणाचा फेस, पदर खोचलेला. लेकीसारखीच बुटकी, गोल चेहऱ्याची.

“अगंबाई! बाई तुम्ही?” तिचा चेहरा एकदम फुलला. “झाली वाटतं निवड? अहो, आमची ही आल्यापासून एक शब्द बोलत नाही, म्हटलं काय झालं कुणास ठाऊक! महिनाभर घरात दुसरा विषय नाही. बाई जाणार, बाई मशीन शिकून येणार, मग मला शिकवणार. मी म्हटलं, अगं, आधी त्यांना जाऊ तर दे! या ना आत. ए, बाई आल्यात, खुर्ची आण.”

बटण आतून खुर्ची घेऊन आली. तिनं ती बाईंच्या पुढ्यात ठेवली आणि मान खाली घालून, काही सांगू नका म्हटल्यासारखी, डोकं किंचित हलवलं.

“बसा ना,” आई हात पुसत म्हणाली.

“नको,” बाई म्हणाल्या. “मी उभ्यानंच सांगते. तुम्ही बसा.”

आईचं हसू हळूहळू मावळलं. ती खुर्चीवर बसली, लेकीचा हात तिनं आपल्या हातात ओढून घेतला, आणि बाई बोलू लागल्या.