बॉनेटवरचे दोन ठोके

पानाला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी आता उरलं नव्हतं. आई गेल्यावर मामांनी त्याला घरी आणलं तेव्हा तो जेमतेम पान्याएवढा होता, म्हणून पाना. पुढे गॅरेजात मामांच्या हातात पाने द्यायला लागला, म्हणूनही पाना. आता पन्नाशी उलटली, डोक्यावरचं पीक गेलं, तरी पानाच. मामांचा मुलगा त्याच्याहून थोडासाच धाकटा. तो बाळ. त्यालाही आता चष्मा होता, पोट होतं, कमरेचं दुखणं होतं, तरी बाळच. एकाचं नाव हत्यारावरून पडलं आणि दुसऱ्याचं लाडावरून, एवढाच काय तो फरक, आणि त्या घरात तेवढा पुरत होता.

मामांच्या गॅरेजात एक रीत होती. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी मामा स्वतः चालवत गल्लीच्या टोकापर्यंत नेत, परत आणत, उतरत आणि बोटातल्या जाड अंगठीने बॉनेटवर दोन ठोके देत. टक, टक. ठोके पडले की गाडी झाली. नाही पडले तर मामा फक्त म्हणत, "अजून काम आहे," आणि हात धुवायला निघून जात. काय काम आहे ते ज्याचं त्याने शोधायचं. गिऱ्हाईक दारात उभं राहून कितीही आरडाओरडा करो, ठोक्यांशिवाय गाडी हलत नसे. मामांना केव्हापासून कमीच ऐकू यायचं, पण त्यांचं काही अडत नव्हतं. "इंजिन कानाने ऐकायचं नसतं रे, बुडाने ऐकायचं असतं," असं ते म्हणत. आणि खरंच, सीटवर टेकल्याटेकल्या त्यांना कुठला बोल्ट ढिला आहे ते कळायचं.

पानाने हाताखालून काढलेल्या किती गाड्यांवर ते ठोके पडले असतील, देव जाणे. एकाच गाडीवर कधी पडले नव्हते, ती त्याची स्वतःची.

ती मुळात मामांचीच. राखाडी, चार दारांची, कुठेही नजरेत न भरणारी. कंपनीने तेव्हा एकाच साच्यातून दोन गाड्या काढल्या होत्या. एक ही, घरगुती, भाजीच्या पिशव्यांसाठी आणि मागच्या सीटवर ओकणाऱ्या पोरांसाठी. दुसरी दिसायला तीच, पण कडेला लाल पट्टी, चाकं रुंद आणि पोटात दांडगं इंजिन. तरुणपणी पाना आणि बाळ शोरूमच्या काचेला नाक लावून लाल पट्टीवालीकडे बघत उभे राहायचे. आतला माणूस हाकलायला आला की पळायचे.

"एक दिवस घेणार," बाळ म्हणायचा.

"घ्यायची कशाला?" पाना म्हणायचा. "सांगाडा तोच तर आहे. इंजिन आणायचं आणि आपल्या गाडीत बसवायचं."

"म्हणजे गाढवाच्या पोटात घोड्याचं काळीज?"

"धावलं की लोक घोडाच म्हणतील."

बाळ शिकला, दुसऱ्या शहरात गेला, कुठल्याशा कंपनीत साहेब झाला. पाना राहिला, कारण गॅरेजात कुणीतरी राहायला हवं होतं आणि त्या घरात कुणीतरी म्हणजे पाना. पण बोललेलं त्याने करून दाखवलं. भंगारवाल्याकडे त्याला लाल पट्टीवाली सापडली, मागून ट्रकने चेपलेली, पुढून धडधाकट. तिचं इंजिन त्याने काढून आणलं आणि राखाडी गाडीच्या पोटात बसवायला घेतलं.

हे काम सांगायला सोपं. ते इंजिन त्या जागेसाठी नव्हतंच. इंजिन टेकवायचं माउंटिंग कापून नवं जोडावं लागलं. वजनाने गाडीचं नाक खाली गेलं, स्प्रिंगा बदलाव्या लागल्या. जुना गिअरबॉक्स पहिल्याच आठवड्यात दात पाडून मोकळा झाला. रेडिएटर पुरेना, वायरिंग जुळेना. दिवसभर लोकांच्या गाड्या आणि कामं आटपली की ही, अशी वर्षं गेली. बायको म्हणायची, "सवत आणली असती तर निदान भांडी तरी घासली असती तिने."

मामा चहाचा कप हातात घेऊन जाता जाता थांबत. "नाकापेक्षा मोती जड," एवढं म्हणत आणि वर एक खोट काढत. एकदा म्हणाले, "पळते कशीही, थांबते कशी ते बघ." पानाने ब्रेक बदलले. एकदा म्हणाले, "वळताना अंग टाकते." पानाने तेही सरळ केलं. प्रत्येक वेळी मामा मान हलवत, पण आत बसत नसत. चावी पुढे केली की, "अजून काम आहे." आपली चांगली गाडी याने कापली, हा राग असेल. की भंगारातून आणलेलं काही आपल्या घरात शोभत नाही असं वाटत असेल. मामा ते कधी बोलले नाहीत आणि पानाने विचारलं नाही, कारण दुसऱ्या शक्यतेचं उत्तर ऐकायची त्याची छाती नव्हती.

पानाला गॅरेज नको होतं. पाटीवर नाव नको होतं. त्याला फक्त ते दोन ठोके हवे होते, आणि ते इतके हवे होते की स्वतःचीच लाज वाटावी.

यंदा मामांना काढायला खोट उरली नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, एका डोळ्यावर पट्टी होती. गॅरेजच्या वरच्या खोलीत पलंगावर पडून मामा स्वतःहून म्हणाले, "पट्टी सुटू दे. रविवारी बसतो तुझ्या गाडीत." पाना जिना उतरून खाली आला, राखाडी गाडी धुतली, पुसली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतली. बायको यावर काही बोलली नाही, ती फक्त हसली. एवढ्या वर्षांत त्या गाडीकडे बघून ती पहिल्यांदाच हसली होती.

आणि बुधवारी बाळ आला. लाल पट्टीवालीतून.

कुणा शौकिनाने जपून ठेवलेली, म्हणे. नुसती चकाकत होती. मामा पट्टीसकट खाली आले. छतावरून, दारांवरून, लाल पट्टीवरून त्यांनी तळहात फिरवला आणि उघड्या डोळ्यातून पाणी काढलं. डॉक्टरांनी रडायला बंदी केली होती, पण ते रडले.

"अस्सल ते अस्सल," मामा म्हणाले. "मुलाने बोललेलं खरं केलं. रविवारी मीच चालवणार."

"मामा, रविवारी..." पाना म्हणाला.

"तुझी काय, इथेच आहे. कुठे पळून जाते? आधी बाळची."

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते पानाला पाठ होतं. त्याने गिळलं. पण बाळ गाडी आत घेत असताना त्याने आणखी एक ऐकलं. इंजिनाच्या तळातून बारीक, कोरडी टकटक येत होती. चकाकी वरची होती, आत कुणीतरी बेअरिंगची माती केली होती.

"बाळ, ही चालवू नकोस," तो बाजूला घेऊन म्हणाला. "खालून खोलून बघू दे मला आधी."

बाळ मोठ्याने हसला. "पाना, पोटात गाडीच्या दुखतंय की तुझ्या?"

पानाच्या पोटात दुखत होतंच, हे खोटं नव्हतं. म्हणून तर त्याला पुन्हा सांगता आलं नाही. जळणाऱ्या माणसाचं खरंही खोटंच वाटतं, अगदी त्याचं त्यालासुद्धा.

गुरुवारी दुपारी बाळ जुन्या मित्रांना फिरवायला घेऊन गेला. चढावर त्याने गाडी ताणली आणि इंजिनातला रॉड इंजिनाचीच भिंत फोडून बाहेर आला. दोराने ओढत आणली ती मागच्या दाराने. मामा वर झोपले होते. बाळचा चेहरा शाळेतून मार खाऊन आल्यासारखा झाला होता. खाली तेलाचं थारोळं साचत होतं आणि तो पानाकडे न बघता राखाडी गाडीकडे बघत होता.

"तुझं आणि हिचं इंजिन एकच ना?" तो म्हणाला.

पानाने राखाडी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला.

"रविवारपुरतं रे. मी दुसरं मागवतो. आलं की तुझं तुला परत."

"ते मिळत नाही आता. मी वर्षानुवर्षं शोधत होतो, मला ठाऊक आहे."

"मिळेल. मी मिळवतो. बाबांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय."

"मग सांग त्यांना, तुला फसवलं म्हणून."

बाळने ते सांगितलं नाही. त्याने आईला खाली पाठवलं. मामी जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरली आणि पानासमोर टायरच्या थप्पीवर बसली. तिने त्याचे तेलकट हात हातात घेतले. याच बाईने त्याला तापात मांडीवर घेतलं होतं, आणि वाढताना बाळच्या ताटानंतर का होईना, त्याचं ताट कधी रिकामं ठेवलं नव्हतं.

"त्यांना धक्का नको रे द्यायला," ती म्हणाली. "डोळा अजून ओला आहे. रविवारचीच वाट बघतायत."

"मीपण रविवारचीच वाट बघत होतो, मामी."

"मी तुझ्याकडे आजवर काही मागितलंय का?" मामी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "तू आमचाच ना रे?"

हा प्रश्न पानाला आयुष्यात फार वेळा कुणी विचारला नव्हता. काही हवं असलं की मात्र विचारत. त्याला राग आला, असा आला की जवळचा पाना उचलून भिंतीवर आपटावा. पण खाल्ल्या मिठाला जागणं त्याच्या हाडात इतकं मुरलं होतं की तोंडातून "हो" निघून गेलं, आणि एकदा निघालेलं "हो" मामी मुठीत धरून वर घेऊन गेली.

घरी त्याने बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापायची थांबली. "आयत्या बिळावर नागोबा," ती म्हणाली. "आणि हो, दोन मूत्रपिंडं आहेत ना तुम्हाला? त्यातलंही एक देऊन टाका, लागेल त्यांना कधीतरी." मग ती आत जाऊन रडली. पाना दाराबाहेर उभा राहिला. मग गॅरेजची किल्ली घेऊन निघाला.

शटर खाली ओढून त्याने काम केलं. चेन-पुलीने इंजिन वर उचललं तसं राखाडी गाडीचं नाक हळूहळू वर आलं, ओझं उतरलेल्या हमालासारखं. लाल पट्टीवालीत ते इंजिन मात्र बोट लावताच बसलं. भोकाला भोक जुळलं, नळीला नळी. काही कापावं लागलं नाही, काही जोडावं लागलं नाही. जे राखाडीत बसवायला त्याची वर्षं गेली ते इथे असं बसलं, जणू घरीच आलं होतं. पानाला हे सगळ्यात जास्त लागलं. त्याने प्रत्येक बोल्ट आवळला, पुन्हा तपासला, आणि काम नेहमीसारखं चोख केलं. वाईट करावं असं क्षणभर मनात आलं होतं. पण हातांना ते येत नव्हतं.

रविवारी मामांची पट्टी सुटली. गाडी चालवायला डॉक्टरांची मनाई नव्हती, कारण मामांनी विचारलंच नव्हतं. गल्ली दारादारांत उभी होती. मामा लाल पट्टीवालीत बसले, सीटवर दोनदा बूड हलवून जागा केली आणि चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. पाना भिंतीला टेकून उभा होता. तो आवाज गल्लीच्या टोकाला जाताना, तिथे वळताना, परत येताना त्याने डोळे मिटून ऐकला. त्यातला प्रत्येक सूर त्याने स्वतः लावलेला होता.

मामा उतरले. अंगठीचा हात वर गेला. टक, टक.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाळ बुटांकडे बघत होता.

"पाना, इकडे ये," मामांनी हाक मारली. दोन्ही डोळे लहान मुलासारखे चमकत होते. "बस आत, बस. कळतं का काही बुडाला? याला म्हणतात इंजिन. कंपनीच्या हाताने बसवलेलं. लोण्यासारखं. राग मानू नकोस, पण हे असं बसवणं आपल्यासारख्यांच्या हातून व्हायचं नाही."

पानाने तोंड उघडलं. मामी दारात उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, फक्त पाहिलं.

"हो मामा," तो म्हणाला.

बाळ जवळून जाताना पुटपुटला, "आलं की पाठवतो. नक्की." सकाळी तो निघणार होता. गाडी घेऊनच.

मामा मात्र रंगात आले होते. अंगठीवरची धूळ सदऱ्याला पुसत ते गॅरेजच्या आत वळले. मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली राखाडी गाडी उभी होती, नाक वर करून, पोट रिकामं.

"आज मन खूश आहे," मामा म्हणाले. "चल, तुझीही फिरवून टाकतो. फार थांबवलं तुला. आण चावी."

त्यांनी हात पुढे केला. अंगठीचाच हात. पानाच्या खिशात चावी होती. सकाळी निघताना सवयीने टाकलेली. त्याने ती मुठीत धरली, इतकी घट्ट की तळहाताला तिचे दात लागले.

"राहू दे मामा," तो म्हणाला. "अजून काम आहे."

मामा हसले. फार मायेने त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं.

"मी म्हणत नव्हतो?" ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.