पडनं रे भो

गिरधरच्या जिभेला हाड नव्हतं, आणि धुळ्याच्या निम्म्या पेठेला त्याचंच कौतुक. आठवडाभर तो भिकमचंद शेठच्या दुकानात लुगडी उलगडून दाखवायचा. शुक्रवारी मात्र शेठने डोकं आपटलं तरी तिनाच्या खेळाला पत्र्याच्या टॉकीजमध्ये हजर. टॉकीजला नाव चांगलं देवाचं होतं, पण छप्पर पत्र्याचं, म्हणून ते पत्र्याचं टॉकीज. खेळ सुटला की समोरच्या पानठेल्यावर लोक त्याची वाट बघत उभे राहायचे. निकाल एका शब्दाचा. ‘चालनं’ म्हणाला की लोक तिकिटाच्या खिडकीकडे वळायचे, ‘पडनं’ म्हणाला की घरी जाऊन जेवायचे.

त्याची मतं ऐकण्यासारखी असत, हे मात्र कबूल केलं पाहिजे. एका पिक्चरमध्ये बाप मेल्याची बातमी येते, तेव्हा पोरगा आधी चुलीवरचं उतू जाणारं दूध उतरवतो आणि मग रडायला बसतो. तेवढ्यासाठी गिरधरने ते पिक्चर चारदा पाहिलं. उलट, क्षयाने मरायला टेकलेली नायिका डोंगर चढत गाणं म्हणते आणि तिची वेणीसुद्धा विस्कटत नाही, अशा एका पिक्चरला लोकांनी डोक्यावर घेतलं, तेव्हा हा ठेल्यावर उभा राहून म्हणाला, “भो, इतलं गाये तर आपला वैद्य तिले सासरी धाडी दी.” लोक पोट धरून हसले आणि ते पिक्चर धुळ्यात दुसरा शुक्रवार काही बघू शकलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, चैत्रात, त्याने बायकोला पिक्चरला न्यायचं ठरवलं. तापीला सातवा महिना होता. लग्नाला तीन वर्षं झाली तरी तिने टॉकीजचा उंबरा पाहिला नव्हता.

“त्या माळ्यावर तिले बसाडू नको रे,” अक्का, त्याची आई, दारापर्यंत बजावत आली. बायका वर लाकडी माळ्यावर बसायच्या, पुरुष खाली. तो माळा पावलागणिक कुरकुरायचा. होळीपासून मालकाने त्याच्याखाली टेकूला दोन जाड बल्ल्या ठोकून ठेवल्या होत्या. माळा कधीतरी पडणार, अशी गावभर कुजबुज होती.

“काय व्हत नही अक्का,” गिरधर म्हणाला आणि तापीला घेऊन निघाला. जिन्याशी त्याने तिला शेजारच्या हसीनाबीच्या हवाली केलं. टॉकीजचा थाट बघून बघून तापीचे डोळे मोठे झाले होते. गिरधरला बरं वाटलं.

पिक्चर वाईट होतं. जुळे भाऊ, एक डाकू, एक इन्स्पेक्टर, आणि आंधळी आई जी आवाज सोडून सगळ्या गोष्टींवरून मुलांना ओळखते. गिरधर चुळबुळत होता. बाहेर वावटळ उठली होती आणि पत्रे थडथडत होते. तेवढ्यात फिल्म तुटली. पडदा काळा झाला, दिवे काही लागले नाहीत. नेहमीच्या शिट्ट्यासुद्धा पडेनात, कारण नेमका त्याच वेळी छपरावर कुठलासा पत्रा सुटून धडाडला आणि सगळं टॉकीज क्षणभर गप्प झालं.

अशी शांतता गिरधरसारख्या माणसाला मिळू नये. तो बाकावर उभा राहिला आणि खणखणीत आवाजात ओरडला, “पडनं रे भो, आख्खं पडनं!”

हशा पिकायला हवा होता. मागून कुणीतरी घाबऱ्या आवाजात विचारलं, “काय पडनं?”

“माळा! बायास्ना माळा पडनाऽऽ!” तिसऱ्याच कुणीतरी ठोकून दिलं.

वर एक किंकाळी उठली, मग शंभर. बाकं उलटली. गिरधर ओरडत होता, “पिक्चर पडनं! पिक्चर म्हनी ऱ्हायनू मी!” पण आता त्याचं कोण ऐकतो? आयुष्यात पहिल्यांदा त्याचं मत कुणाला नको होतं. त्याची पाचावर धारण बसली. तापी वर होती. जिना एक माणूस जाईल एवढा, आणि त्यावरून सगळ्या बायका एकदम उतरणार. आपण आपल्या तोंडाने बायको मारली, पोरही मारलं, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात घण घालत होता.

तो गर्दीच्या उलट दिशेने घुसला. कोपर बसलं, सदरा फाटला. नूर महंमद या दरवानाने सगळी दारं सताड उघडली तेव्हा धुळीचा उजेड आत आला, आणि जिन्याखाली बायकांचा ढीग दिसला. कुणाची चप्पल, कुणाचा पदर, फुटलेल्या काकणांचा चुरा. एक बाई हात धरून कण्हत होती. हात कोपराखाली विचित्र वाकला होता. तिच्या अंगावर हिरवं लुगडं होतं. तापीचंही हिरवंच. गिरधरने तिचा चेहरा वळवून बघितला. दुसरीच होती. त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदाची त्याला शिसारी आली.

“तापे!” लग्नानंतर चारचौघांत त्याने पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं. ढिगात ती नव्हती. म्हणजे सगळ्यांच्या खाली असेल, किंवा वर, कशीतरी पडलेली. तो हातापायांवर जिना चढला.

वरचा माळा जवळजवळ रिकामा झाला होता. तिसऱ्या बाकावर तापी बसली होती. एका हाताने तिने हसीनाबीला घट्ट धरून ठेवलं होतं, दुसऱ्या हाताने एका म्हातारीचा पदर.

गिरधर तिच्या पायांशी मटकन बसला. “लागनं का? तू... तू पळनी का नही?”

“तुमना आवाज व्हता,” ती म्हणाली. “मी लगेच वळखा. घरमा रोज आयकस ना. आज भाजी पडनी, आज वरण पडनं. तेन्हामुळे छत थोडंच पडस? मी यास्ले बी सांगं, बसा, पिक्चरनंच बोली ऱ्हायनात.”

म्हातारीने मान डोलावली. गिरधर हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. खाली हात मोडलेल्या त्या बाईला खाटेवर घालत होते. तिला ऐकू येईल म्हणून त्याने हसणं दाबलं. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने विचारलं, “तुले कसं वाटनं पिक्चर?”

तापीने हसीनाबीचा हात सोडला आणि पदर सारखा केला. माळा पडल्याच्या आरोळीने जी जागची हलली नव्हती, तिचा चेहरा आता पांढरा पडला होता.

“रागे नका भरू,” ती हळूच म्हणाली. “माले आवडी ऱ्हायनं व्हतं.”