टाकीतली बाधा

मिस्त्रीच्या गॅरेजसमोर त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. रिक्षावाले, टॅक्सीवाले, स्कूटरवाले माना उंचावून उभे होते. मध्ये टेबलावर काचेची बरणी, आणि बरणीमागे टाकीबाबा. पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून जो तो गाडीच्या ॲव्हरेजची रड घेऊन बसला होता, आणि लोकांची रड सुरू झाली की असा माणूस कुठून तरी उगवतोच.

"हे आत्ताच पंपावरून आणलंय," बाबा म्हणाला. "दिसायला स्वच्छ. पण याला बाधा झालीय. तुमचे किलोमीटर तीच खाते."

त्यानं बरणीत झाकणभर मंतरलेलं पाणी ओतलं, बरणी खळखळून हलवली, डोळे मिटले आणि बराच वेळ पुटपुटत राहिला. डोळे उघडले तेव्हा बरणीच्या तळाशी वेगळा थर बसला होता. ओतलं होतं झाकणभर, बसलं होतं तीन बोटं.

"बसली खाली," तो म्हणाला. "या पाण्याची एक बाटली टाकीत ओता आणि पथ्य पाळा. टायरात हवा पुरेपूर ठेवा, फालतू सामान काढा, एसी लावू नका, चाळीसच्या वर जाऊ नका. ॲव्हरेज वाढलं नाही तर माझी दाढी उतरवा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि गाडी वाटेत अडलीच, तर बाधा निघताना धडपडतेय असं समजा. दार उघडायचं नाही, कुणी उतरायचं नाही. बसल्या जागी एकवीस वेळा माझं नाव घ्या. उतरलात तर ती तुमच्याबरोबर घरी येईल."

मी मोठ्या मुलांच्या शाळेत विज्ञान शिकवते. स्कूटरचा ब्रेक दाखवायला आले होते आणि मला हसू आवरत नव्हतं. मिस्त्रीला म्हटलं, "तुमच्या दारात हा तमाशा कशाला?"

"फरक पडतो हो बाई. टॅक्सीवाले शपथेवर सांगतात. तुमच्या भावानंसुद्धा सकाळी दोन बाटल्या नेल्या."

माझं हसू जागच्या जागी जिरलं.

माझा धाकटा भाऊ लहान मुलांच्या शाळेची व्हॅन चालवतो. त्याच्या गल्लीत उभ्या गाड्यांतून पेट्रोल चोरीला जातं, म्हणून तिथले सगळे व्हॅनवाले टाकी जवळजवळ रिकामी ठेवतात आणि रोज दोन-तीन लिटर भरतात. टॅक्सीवाल्याच्या भरल्या टाकीत ती बाटली विरघळून गेली असेल. दोन-तीन लिटरमध्ये दोन बाटल्या म्हणजे बरणीत झालं तेच टाकीत होणार. आणि टाकीतून पेट्रोल ओढलं जातं ते तळाकडून, म्हणजे गाडी वाटेतच बंद पडणार.

मी फोन लावला. त्यानं उचलला नाही. शाळा सुटून गेली होती, आणि शाळेचा रस्ता रुळांवरून येतो. तिथे फाटक नाही, नुसती पाटी आहे. व्हॅनमध्ये माझी लेक होती.

ब्रेक तसाच ढिला ठेवून मी स्कूटर काढली. त्या रस्त्यानं मी रोज जाते, पण त्या दिवशी तो संपेना. वाटेत बंद पडलेली प्रत्येक गाडी मला त्याचीच वाटली.

व्हॅन रुळांच्या बरोबर मधोमध उभी होती. दारं बंद. भाऊ स्टिअरिंग धरून डोळे मिटून बसला होता, ओठ हलत होते. मागे मुलं त्याच्या सुरात सूर मिळवून बाबाचं नाव घेत होती. माझ्या लेकीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्यांना तो खेळ वाटला होता.

"दार उघड."

"ताई, थोडेच राहिलेत. आता उघडू नकोस."

मी दार सरकवलं आणि हाताला लागेल ते मूल खाली ओढलं. दप्तरं आतच राहिली. मुलांना रस्त्याच्या कडेला लांब पळवलं. तेवढ्यात वळणापलीकडून भोंगा ऐकू आला.

भाऊ अजून आतच होता. चेहरा पांढराफटक. "ताई, ती घरी येईल गं. घरी बाळ आहे."

तो मूर्ख नव्हता. तो घाबरला होता, माझ्याइतकाच. मी त्याची कॉलर धरली. "बाळाला बाप हवाय. गिअर काढ आणि ढकल."

आम्ही दोघांनी ढकललं. मागचं चाक रुळावर अडलं, मागे आलं, पुन्हा अडलं. तिसऱ्या धक्क्याला ते पार झालं. गाडी उतारावर घरंगळली आणि आमच्या पाठीमागून आगगाडी धडधडत गेली. मी रस्त्यातच बसले.

व्हॅन दोरीनं ओढून गॅरेजवर आणली, तोवर बातमी पुढे पोचली होती. बाबा म्हणत होता, "बघा, नावाच्या बळावर लेकरं वाचली."

मी मिस्त्रीला टाकी बरणीत रिकामी करायला लावली. खाली जाड थर, वर पेट्रोल. मग दुसऱ्या बरणीत पंपावरचं पेट्रोल घेतलं आणि गॅरेजच्या नळाचं झाकणभर पाणी घालून हलवलं. पुटपुटले काहीच नाही. थोड्या वेळानं तिथेही तीन बोटं थर बसला.

"इथेनॉल म्हणजे अल्कोहोल," मी म्हटलं. "त्याला पाण्याची ओढ असते. पाणी जास्त झालं की ते पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाला जातं. हा थर इंजिनात गेला की गाडी बंद. हा बाबा पुटपुटतो तो थर बसायची वाट बघत."

"पण माझं ॲव्हरेज वाढलं त्याचं काय?" एक टॅक्सीवाला म्हणाला.

"हवा भरलीस, एसी बंद केलास, हळू चालवलीस. बाटली गटारात ओतली असतीस तरी वाढलं असतं."

"म्हणजे इथेनॉलनं काहीच फरक पडत नाही?"

"पडतो. त्यात लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ताकद असते. पाचवा हिस्सा ते मिसळलं की चौदाचं तेरा होणार, आणि ते कुणी मंतरून परत येणार नाही. पण चौदाचं दहा झालं असेल तर टायर बघा, एअर फिल्टर बघा."

"यांची श्रद्धा कमी पडली," बाबा पुटपुटला. मुलांच्या आया तोवर पोचल्या होत्या. त्या त्याच्याभोवती कडं करून उभ्या राहिल्या. पोलीस आले तेव्हा त्यालाच सुटल्यासारखं वाटलं असेल.

घरी लेकीनं विचारलं, "आई, एकवीस पुरे झाले असते तर बाधा गेली असती?"

खोटं बोलायचं नाही असं ठरवलं. "नाही, बाळा. एकवीस झाले असते तरी व्हॅन तिथेच राहिली असती, आणि आगगाडी आली असती."

ती रडली, आणि मी तिला रडू दिलं. भीती खरी होती, ती मला नाहीशी करायची नव्हती. फक्त तिनं बाधेला नाही, आगगाडीला घाबरावं एवढंच मला हवं होतं.

तुम्हालाही तेवढंच सांगते. कुणी काचेत चमत्कार दाखवला तर तोच नळाच्या पाण्यानं करून बघा. आणि गाडी बंद पडली तर आधी मुलांना खाली उतरवा. कुणाचं नाव घ्यायचं असेल ते नंतर घ्या.