नारिंगी नखं

दिवे लागायच्या वेळेला आमच्या बेसबॉलच्या मैदानावर चेंडू टाकणाऱ्या पिचरला तो झेलणाऱ्या कॅचरची बोटं दिसत नाहीत. खांबांवरचे दिवे म्हणजे नुसते पिवळे डाग, आणि कॅचर उकिडवा बसून मांड्यांच्या आत बोटांनी खूण करणार: एक बोट म्हणजे सरळ वेगवान चेंडू, दोन म्हणजे वळणारा. म्हणून संध्याकाळची मॅच असली की मी माझ्या कॅचर नवऱ्याची, ओरिनची, नखं रंगवते. या लीगमध्ये बऱ्याच कॅचरांच्या बायका ते करतात. गावात कुणी तोंडावर हसत नाही. फक्त न्हाव्याच्या दुकानात त्याला हात खिशातून बाहेर काढायला सांगतात.

त्या दिवशी लाल बाटली संपली होती. आमच्या पिचरच्या बायकोकडून, विल्माकडून, मी नारिंगी आणली. ओरिन म्हणाला, गाजर केलंस माझं. मी म्हणाले, गाजरं हात तरी स्थिर ठेवतात. तो हसला, आणि हसताना त्याने डावा डोळा मिटून घेतला. हल्ली तो उजेडाकडे बघताना तसंच करत होता.

गेल्या रविवारी लिंडेन संघाच्या पिचरने, गॅडिसने, टाकलेला चेंडू त्याच्या कानशिलावर बसला होता. डोक्यावर कापडी टोपी, दुसरं काय असणार. पडला, उठला, पाण्याचा घोट घेतला आणि चालत पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर त्याने पडदे ओढून घेतले. मंगळवारी रूथीला, आमच्या सहा महिन्यांच्या पोरीला, त्याने आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणे, डॉक्टरकडे गेलो की मॅनेजरला कळणार, मॅनेजरला कळलं की डेल खेळणार.

टक हॅनिगन आमचा मॅनेजर. डेल कुबिक दुसरा कॅचर, ओरिनहून बराच लहान, वर्षभर बाकावर शेंगदाणे सोलत बसलेला. आणि त्या दिवशी नेमका वरच्या लीगमधल्या क्लबचा माणूस आला होता. त्याला इथून एक कॅचर न्यायचा होता. एकच.

"पुन्हा कुणी येणार नाही, प्रोफेसर," ओरिन नखं वाळवत म्हणाला. कॉलेज झालेली बायको केल्यापासून तो मला प्रोफेसर म्हणतो. समोर पुन्हा लिंडेनच, आणि चेंडू टाकायला पुन्हा गॅडिसच.

आम्ही बायका जाळीमागे बसतो. मॅच चालू असताना जाळीपलीकडे बोलायचं नाही, हात हलवायचा नाही, हा टकचा नियम. मागच्या वर्षी एकीने जाळीशी जाऊन नवऱ्याकडे गाडीची किल्ली मागितली, तर पुढच्या आठवड्यात त्या नवऱ्याची रवानगी पार दूर डाकोटातल्या संघात. वरच्या क्लबचा माणूस आमच्या पुढच्याच रांगेत होता. गवती हॅट, गुडघ्यावर कोट.

सहा इनिंग नीट गेल्या. मी रूथीचा श्वास मोजत होते आणि नजर ओरिनच्या पाठीवर होती. समोरचा गडी आऊट झाला की तो उभा राहतो, हात वर करतो आणि किती आऊट झाले ते बोटांवर सगळ्यांना दाखवतो. रूथीला झोपवतानाही त्याचं हेच चालतं: एक आऊट, दोन आऊट, तीन आऊट, झोपली.

सातव्यात लिंडेनचा पहिला गडी बाद झाला. ओरिनने दोन बोटं दाखवली.

आमच्या शॉर्टस्टॉपने, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या फील्डरने, लांबून एक बोट वर केलं. ओरिनने मान डोलावली आणि खाली बसला. विल्मा म्हणाली, चुकलं असेल गं, माणूस आहे.

त्यानंतर लिंडेनचा एकजण तिसऱ्या बेसवर पोचला. पुढच्या गड्याने हवेत बॅट फिरवली आणि तो आऊट झाला. दुसरा. ओरिन उठला, मुखवटा काढला, चेंडू पिचरच्या उंचवट्याकडे घरंगळत सोडून दिला आणि बाकाकडे चालू लागला. तीन आऊट झाल्यावर बाजू बदलते, तेव्हा कॅचर असंच करतो. तिसऱ्या बेसवरचा गडी क्षणभर बघतच राहिला, कुणी आयतं ताट पुढ्यात ठेवावं तसा, आणि मग धावत शेवटच्या टप्प्यावर, ओरिनने सोडलेल्या जागेपाशी, येऊन रन घेऊन गेला.

लोक पोट धरून हसले. मागून कुणीतरी ओरडलं, काय रे ओरिन, घरी जेवायला जायची घाई झाली का, बायकोने पॉट रोस्ट केलंय का आज? गवती हॅटवाला हसला नाही. त्याने नुसती मान तिरकी केली.

तिसरा गडी लगेच बाद झाला आणि बॅटिंग आमच्याकडे आली. ओरिनचा नंबर तिसरा. गॅडिसने आमच्या पहिल्याच गड्याला छातीजवळ चेंडू टाकून मागे हटवलं. धड दिसतंय तो मागे हटतो. ज्याला दोन-दोन चेंडू दिसतात तो कुठे हटणार?

मी रूथीला विल्माच्या मांडीवर दिलं.

विल्माने माझा झगा धरला. "इर्मा, बस खाली. तुझ्यापायी त्याचा वरचा क्लब हुकेल."

मी झगा सोडवून घेतला. गवती हॅटवाल्याने मला वाट द्यायला गुडघे वळवले, आणि मला कळलं की खाली मी जे बोलेन ते त्याला अक्षरन् अक्षर ऐकू जाणार.

टकने मला जाळीशी पाहिलं. "मिसेस स्टाडलर, जागेवर जा."

"त्याला बॅटिंगला पाठवू नका. रविवारपासून त्याला धड दिसत नाहीये आणि धड आठवतही नाहीये."

ओरिन बॅट घेऊन उठलाच होता. तो शांतपणे म्हणाला, "पोरगी झोपू देत नाही तिला, टक. मागच्या महिन्यात पोरीला उचकी लागली म्हणून डॉक्टर बोलावला होता हिने."

बाकावर हशा पिकला. ते खरंच होतं, डॉक्टर मी बोलावला होता. टकसुद्धा हसला आणि पाठ फिरवायला लागला. पहिल्यामागोमाग आमचा दुसरा गडीही आऊट झाला. आता ओरिन.

"ओरिन," मी म्हणाले, "हात पाठीमागे घे. आज मी तुझ्या नखांना कुठला रंग लावला?"

त्याने बॅटसकट हात मागे नेले. माझ्याकडे पाहिलं, मग टककडे. त्याच्या कपाळावर आठी पडली. रूथीला पहिल्यांदा मांडीवर घेताना पडली होती तशी, चूक होऊ नये म्हणून पडलेली.

"लाल," तो म्हणाला. "नेहमीचा."

टकने त्याचा हात ओढून पुढे घेतला आणि दिव्याखाली धरला. आता कुणी हसत नव्हतं.

"बस, बाळा," टक म्हणाला. "डेल, बॅट घे."

गॅडिसचा पहिलाच चेंडू डेलच्या डोक्यावर आला. डेल स्वतःला जमिनीवर झोकून देऊन वाचला. त्याची टोपी हवेत उडाली. ओरिन बाकावरून बघत होता, डावा डोळा मिटून. डेल उठला, अंग झटकलं, आणि पुढे आऊट झाला.

ओरिनला डॉक्टरकडे न्यायला टकने गाडी आणायला माणूस पाठवला होता. ओरिन उठून जाळीशी आला. माझ्यावर रागावलाय का, ते मला त्याच्या तोंडावरून कळेना. विल्मा रूथीला आणि दुपट्यांची पिशवी घेऊन खाली आली. छातीचं कवच बांधत डेल आला आणि अवघडून उभा राहिला.

"मिसेस स्टाडलर, ती बाटली आहे का हो तुमच्याजवळ? पिचरला माझी बोटं दिसायची नाहीत."

बाटली दुपट्यांखाली होती. डेलने बोटांची टोकं तारेतून आत घातली. शेंगदाण्याच्या टरफलांनी खरखरीत झालेली बोटं. गवती हॅटवाला उठून जाळीच्या अगदी जवळ येऊन बसला होता. मी एकेक नख रंगवत गेले, कडेला न सांडता, ओरिनची रंगवते तसंच.

"किती आऊट?" ओरिनने विचारलं.

"एकही नाही," मी म्हणाले. "आता त्यांची बॅटिंग."

डेल नखांवर फुंकर मारत होता.

"किती आऊट?" ओरिनने पुन्हा विचारलं.

मी बाटलीचं झाकण फिरवत राहिले. डेलने ओली बोटं जपून मिटली आणि मूठ ओरिनसमोर धरली, मैदानावर सगळ्यांना दाखवतात तशी.

"एकही नाही, दादा," तो म्हणाला.