त्रास वाढला म्हणजे गुण येतोय

मित्रांनो, नाक मुरडू नका, खुशाल जवळ येऊन वास घ्या. माझ्या पोटात आता काहीही उरलेलं नाही. मी औषधाची जुनी निळी बाटली. राहायला नेदरलँड्समधल्या टिलबर्ग गावी, राघव आणि विशाखा यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. माझ्या एका बाजूला तुळस आहे, दुसऱ्या बाजूला भांडी घासायचा साबण. मराठी मी इथेच शिकले. दिवसभर कानावर पडते, आणि मला दुसरं काम तरी काय आहे? बोलता बोलता मला मध्येच डुलकी लागते, तेवढं सांभाळून घ्या. एके काळी माझ्या पोटात अफू होती हो. तिचा अंमल अजून पुरता उतरलेला नाही.

माझा जन्म इंग्लंडातला, राणी व्हिक्टोरियाच्या काळातला. भट्टीतून काच निघाली ती लाल आणि काकवीसारखी दाट. एका माणसाने लांब नळीतून तिच्यात फुंकर घातली आणि मी झाले. साच्यात घालून माझ्या अंगावर अक्षरं उठवली, त्यांचा अर्थ होता 'जीवनामृत'. मग काय विचारता! मला स्वर्ग दोन बोटं उरला.

आत भरलं होतं काय, तर दारू, जाळलेली साखर, कडू मुळ्यांचा रस आणि थोडी अफू. आणि लेबलावर? खोकला, क्षय, मधुमेह, संधिवात, निद्रानाश आणि उदास मन, सगळ्यांवर एकच रामबाण उपाय! मला बनवून घेणारे डॉक्टरसाहेब आधी भिंतींना चिकटवायचे रंगीत कागद विकत असत. पण वर्तमानपत्रातली त्यांची जाहिरात मोठी गोड असे. 'प्रिय मित्रा, तुझं दुखणं मला लिहून कळव. मी स्वतः उत्तर देईन.' समुद्रापलीकडून पत्रं यायची. उत्तरं आधीच छापून ठेवलेली असायची, फक्त नाव तेवढं हाताने घालायचं. 'औषध नियमित घ्या. त्रास वाढला तर घाबरू नका. त्रास वाढला म्हणजे गुण येतोय.'

टपालाने, गवतात गुंडाळून, मी या गावी आले. तेव्हा इथे घरोघरी लोकरीचे माग चालायचे. ज्या विणकराच्या घरी मी गेले, तिथे द्रीका नावाची लहान मुलगी सारखी खोकत होती. गावातला डॉक्टर आला, घड्याळाकडे बघत 'ऊब द्या, वाट बघा' म्हणाला आणि गेला. द्रीकाच्या आईला कितीतरी सांगायचं होतं. ते तिने त्या दूरच्या डॉक्टरला लिहिलं. पोरीचा खोकला लिहिला, ओली भिंत लिहिली, आणि आपल्याला किती भीती वाटते तेही लिहिलं. आपलं कुणीतरी ऐकतंय, असं वाटून ती बिचारी हलकी झाली.

माझ्यातलं चमचाभर औषध पोटात गेलं की द्रीकाला गुंगी यायची. छताखाली पांढऱ्या मेंढ्या तरंगतायत, असं ती सांगायची, आणि खरं सांगते, मलाही त्या दिसायच्या. मऊ, बिनआवाजाच्या मेंढ्या. खोकला मात्र बरा होत नव्हता, नुसता गप्प बसत होता. आईने पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच छापील उत्तर आलं. एका सकाळी द्रीका उठलीच नाही. आईने मला फोडलं नाही की फेकलं नाही. पदराने पुसावं तसं एप्रनने पुसलं आणि मागच्या अंगणात पुरलं. तिने मला आपटलं असतं ना, तर मला कमी दुखलं असतं.

मातीखाली मी किती काळ होते, कोण जाणे. पाणी झिरपायचं, मुळं येऊन चाचपून जायची, गांडुळं अंगावरून सरकायची. वरचे माग एकेक करून थांबले. पुढे सायकलींच्या घंटा आल्या. मी अर्धवट झोपेत सगळं ऐकत होते आणि मधूनच मेंढ्या दिसत होत्या. एक दिवस खुरपं लागलं आणि वरून आवाज आला, "अगंबाई! हे काय निघालं?" विशाखा मेथी पेरत होती. तिच्या मुलीने, जुईने, मला जुन्या टूथब्रशने घासून लख्ख केलं. खिडकीत ऊन आलं की अजून माझ्यातून उजेडाचा निळा तुकडा ओट्यावर पडतो.

उन्हाळ्यात राघवचे वडील पुण्याहून राहायला आले. दामोदरआबा. पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनियर, गडगडाटी हसणारे. आबांना मधुमेह होता, पण गोळ्या चालू होत्या आणि साखर ताब्यात होती. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते माझ्याजवळ उभे राहायचे. राघवची आई गेल्यापासून त्यांना एकट्याने बसून चहा जात नसे.

आता इथल्या मराठी घरांतली एक रीत सांगते. भारतातून येताना अर्धी बॅग औषधांची आणायची. कारण इथला हाउसआर्ट्स, म्हणजे घरचा डॉक्टर, काहीही होवो, 'पॅरासिटामॉल घ्या, आठवड्याने बघू' म्हणतो, अशी त्याची ख्याती. गणपतीला जमा, दिवाळीला जमा, हा विनोद झाल्याशिवाय जेवणं होत नाहीत. मीही हसायचे. पण हसता हसता लोकांनी दवाखान्याची वाटच सोडली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आबांना फोनवर एक आचार्य भेटले. व्हिडिओची सुरुवात काय, माहीत आहे? 'प्रिय मित्रा'! मी तर दचकलेच. मधुमेह मुळासकट उपटून काढणारं चूर्ण, घरपोच, परदेशातसुद्धा. आचार्य रोज सकाळी फोन करायचे. जिभेचा फोटो मागायचे. काल झोप लागली का, विचारायचे. वहिनींना जाऊन किती दिवस झाले, विचारायचे. आबा खिडकीत उभे राहून मोकळेपणी सांगायचे. पार्सल आलं. अट एकच होती, इंग्रजी गोळ्या बंद.

"पोट साफ राहायचं चूर्ण आहे गं," आबांनी विशाखाला सांगितलं आणि डबी माझ्या शेजारी ठेवली. गोळ्यांची पाकिटं बॅगेत तशीच राहिली. डबीवर सोनेरी अक्षरं होती. मला वाटलं, बाई गं, आपण दोघी एकाच घरच्या.

मग आबांना तहान लागू लागली. तांबेच्या तांबे पाणी प्यायचे आणि सारखे बाथरूमला जायचे. पट्टा आवळून आवळून शेवटच्या भोकावर गेला. बागेत सायकल फिरवणारी जुई त्यांना नीट दिसेना. गडगडाटी हसू तर कुठल्या कुठे गेलं.

"हाउसआर्ट्सना विचारू या का?" एकदा विशाखाने विचारलं.

"काय उपयोग? पॅरासिटामॉल देईल," राघव कानातला इअरफोन न काढता म्हणाला. तो दिवसभर घरूनच मीटिंगमध्ये असायचा. "इथली हवा मानवत नसेल आबांना."

सगळे हसले. आबाही हसले, पण खुर्चीचा हात घट्ट धरून.

दुसऱ्या सकाळी ते फोनवर म्हणाले, "थकवा फार वाढलाय हो आचार्य. अंधुकही दिसतंय."

पलीकडून आनंदाने उत्तर आलं, "उत्तम! विष बाहेर पडतंय. त्रास वाढला म्हणजे गुण येतोय."

माझी सगळी गुंगी खाडकन उतरली. अहो, हे शब्द मी ओळखत होते! मला ओरडायचं होतं. आबा, हे ऐकू नका, हे मी एका आईच्या घरी ऐकलंय! पण रिकाम्या बाटलीचा आवाज तो काय? मी नुसती उन्हात चमकत राहिले. इतकी असहाय मी मातीखालीही नव्हते.

इथल्या शाळेत प्रत्येक मुलाला कधीतरी एक विषय घेऊन वर्गासमोर बोलावं लागतं. जुईने मला निवडलं होतं. गावातल्या संग्रहालयात जाऊन तिथल्या बाईंना विचारून आली होती. विशाखा म्हणाली, "आधी आबांना मराठीत करून दाखव. त्यांना डच कुठे कळतं?"

जुई मला हातात धरून ओट्यापाशी उभी राहिली. "आबा, ही बॉटल फेक होती. म्हणजे आतलं मेडिसिन. लोक दुरून लेटर लिहायचे, पण तो डॉक्टर सगळ्यांना सेम उत्तर द्यायचा."

"काय उत्तर?" आबांनी विचारलं.

"तुम्हाला जास्त बरं नाही वाटत? गुड! म्हणजे मेडिसिन वर्क होतंय. फनी ना?"

विशाखा हसली. आबा हसले नाहीत. त्यांनी हातातला पाण्याचा पेला ओट्यावर ठेवला.

"जुई, परत सांग बाळ."

तिने परत सांगितलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या डबीकडे.

"विशाखा, राघवला बोलाव."

"आबा, त्याची मीटिंग..."

"बोलाव म्हणतो ना!"

राघव आला आणि आबांनी सगळं सांगून टाकलं. राघवने डॉक्टरकडे फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पॅरासिटामॉलचं नावसुद्धा काढलं नाही. तहान, वजन, नजर एवढं ऐकलं आणि आबांना लगेच घेऊन यायला सांगितलं. तिथून थेट इस्पितळ. साखर इतकी चढली होती की आणखी उशीर झाला असता, तर आबा बेशुद्ध पडले असते. घर ओकंबोकं झालं. मी आणि ती डबी खिडकीत बसून होतो. ऊन यायचं, जायचं. मला मेंढ्या दिसू लागल्या की मी म्हणायचे, आत्ता नको, आबांना घरी येऊ द्या.

आबा आले. वाळलेले, पण आपल्या पायांनी. राघवने पहिली ती डबी कचऱ्यात घातली आणि इतके दिवस दाबून ठेवलेला राग बाहेर काढला.

"आबा, तुम्ही इंजिनियर माणूस! कुठल्या भामट्याच्या नादी लागलात? मी भिंतीपलीकडे बसलेलो असतो, मला का नाही सांगितलंत?"

आबा हळू म्हणाले, "तो रोज विचारायचा रे, काल झोप लागली का. खोटं का होईना, विचारायचा."

राघवचा फोन वाजत होता. त्याने तो बंद केला. खुर्ची ओढून वडिलांसमोर बसला. त्याचे डोळे भरून आले होते.

"आबा, काल झोप लागली का?"

"नाही," आबा म्हणाले, आणि मग ते बोलतच राहिले.

मित्रांनो, औषध खोटं असेल तर कधीतरी उघडं पडतं. पण कुणीतरी आपलं ऐकतंय, या आशेने माणूस खोटंही पिऊन जातो. तुमच्याही घरात कुणी एकटं खिडकीशी उभं राहत असेल. कुणी परका विचारायच्या आधी तुम्ही जा. विचारा, काल झोप लागली का. आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.